साहेब आणि चिमणीची जोड

हंबीरराव पैलवानानं झुंबरबाईला चोर म्हटलं ते दूध संस्थेच्या दारात, सकाळी साडेसहाला, किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या तीस-पस्तीस माणसांच्या समोर. म्हणून झाल्यावर त्याच्या मनात आलं, आपला आवाज जरा मोठाच लागला. पण त्याचा आवाज कधी लहान लागलाय असं गडहिंग्लजच्या अलीकडच्या त्या गावात कुणालाच आठवत नव्हतं. त्यानं बायकोकडं चहा मागितला, की पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांत आधण ठेवलं जायचं.

“माझी बारा डुकरं वाळून कोळ झाली,” तो म्हणाला होता, “आन् झुंबरक्काचं एकटं डुक्कर फुगून दारात मावंना झालंय. खुराक एकच, घालणारा हात एकच. मग माझा खुराक चाललाय कुठं, ते काय पंचांगात बघायला पायजे?”

झुंबरबाई रांगेत सातवी होती. आपली पाळी आल्यावर तिनं म्हशीचं दोन लिटर दूध घातलं, रिकामी किटली उचलली आणि त्याच्या समोरून सरळ निघून गेली. रांगेतलं कुणी हसलंही नाही, आणि हंबीररावाला तेच जास्त लागलं. एरवी त्याच्या बोलण्यावर कुणीतरी हसायचंच.

हंबीरराव म्हणजे सहा फूट उंचीचा, त्रेपन्न वर्षांचा, अजूनही पोट नसलेला माणूस. विशीत त्यानं कोल्हापूरच्या एका तालमीत सहा वर्षं काढली होती. तिथं त्याला कुस्ती आली, पण त्याहून पक्की एक गोष्ट आली, ती म्हणजे वाटपाचा राग. तालमीतल्या वस्तादाचे दोन-तीन आवडते पठ्ठे होते. त्यांच्या थंडाईत बदाम मूठभर, हंबीररावाच्या थंडाईत बदाम चार. त्यांच्या दुधाच्या तांब्याला वर साय, याच्या तांब्याला खाली तळ. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं, की आपल्या हातात कधी वाटप आलं तर सगळ्यांना एक माप, आवडतं-नावडतं काही नाही. पुढं त्याच्या हातात वाटप आलं ते डुकरांचं, त्याला त्याचा काय इलाज!

आठ वर्षांपूर्वी त्यानं मळ्यात शेड घातलं आणि गावठी डुकरं पाळायला घेतली. भावकीनं तोंड वाकडं केलं. बायकोनं, विठाबाईनं, त्याला पुढच्या दारानं घरात यायची बंदी केली. मागच्या दारी बंब, बंबावर अंघोळ, मग चहा. पण धंदा चालला. आणि चालला तो झुंबरबाईमुळं, हे मनातल्या मनात त्यालाही मान्य होतं. तिच्या माहेरी आणि सासरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरंच पाळलेली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गोल, हळू चालणारी बाई. पण व्यालेल्या डुकरिणीजवळ जाऊन पिल्लं उचलावीत तर तिनंच. सात वर्षांपूर्वी ती कामाला आली तेव्हा ठरलं होतं, पगार असेल तो असेल, शिवाय तिचं एक जनावर त्याच्या शेडमध्ये त्याच्याच खुराकावर राहील. ते जनावर म्हणजे चिमणी. काळी कुळकुळीत, पोट जमिनीला टेकणारी गावठी डुकरीण. हे नाव तिला कुणी आणि कुठल्या भरात ठेवलं ते विचारू नये.

शेडचा कायदा एकच होता, डबा. तेलाचा जुना डबा कापून, त्याला तारेची मूठ लावून हंबीररावानं स्वतः तयार केलेला. काठोकाठ भरायचा, वर शीग नाही. प्रत्येक जनावराला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आत मक्याचा भरडा, कोंडा, आणि कागलच्या एमआयडीसीतल्या एका कँटीनमधून टेंपोनं येणारा उरलेला भात-चपाती. गावठी डुकरांवर हा कायदा सात वर्षं बिनतक्रार चालला. मग मागच्या वर्षी हंबीररावानं गावठी डुकरं काढली आणि बेळगावकडून बारा पांढरी विलायती डुकरं आणली. गुलाबी कातडीची, उभ्या कानांची, लांबलचक. गावानं त्यांचं नाव ठेवलं साहेब लोक. डबा मात्र तोच राहिला.

झुंबरबाई एकदा म्हणाली होती, “पैलवान, ह्यास्नी पुरंना झालंय वाटतंय. जरा वाढवून बघू काय?” त्यावर त्यानं तिला वस्तादाच्या बदामांची गोष्ट ऐकवली. ती गोष्ट पाऊण तासाची होती, त्यामुळं तिनं परत तो विषय काढला नाही.

आणि आता साहेब लोकांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. जंताचं औषध झालं, काही उपयोग नाही. चिमणी मात्र जशीच्या तशी गोल. मग हंबीररावानं विचार केला, आणि हंबीरराव विचार करायला बसला की लवकर उठायचा.

त्या दिवशी दूध संस्थेत बोलून झाल्यावर तो मळ्यात आला तेव्हा त्याला वाटलं होतं, झुंबरबाई येणार नाही. ती आलेली होती. तिनं तेराही खण धुतले होते, तेरा डबे वाटले होते. हात धुऊन, पदराला पुसून ती त्याच्या समोर उभी राहिली.

“पैलवान, चोर म्हणालासा.”

“म्हणालो. मग?”

“मग दाखवून द्या. न्हाईतर मी चिमणीला घेऊन जाते. परत येनार न्हाय.”

तीच पुढं म्हणाली, “गावात कुणाची कोंबडी हरवली, कुणाची पाण्याची मोटार गेली, तरी पयलं बोट आमच्या वस्तीकडं. जल्मल्यापासनं बघतोय आमी. सात वर्सं तुमच्या दारात हाय, तुमचं बोट कधी उठलं न्हवतं. म्हणून हुते हितं.”

ती रडली असती, भांडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. पण माणूस पैलवान; तीस-पस्तीस माणसांसमोर टाकलेला शब्द तो एका बाईसमोर मागं कसा घेणार? म्हणून त्यानं त्याला येत असलेली एकच गोष्ट केली.

“जोड लावू,” तो म्हणाला.

“कसली?”

“साहेबांतला एक आन् तुझी चिमणी. वजनाला वजन, कुस्तीत लावत्यात तशी. शेजारी-शेजारी दोन खण. पंधरा दिवस दोघांस्नी एकच डबा, खुराक कुलपात, किल्ली पंचाकडं. पंधराव्या दिवशी काटा. तुजा हात लागला न्हाई की माजा साहेब भरतोय का न्हाई बघ. भरला, तर आजवर खुराक कुणीतरी खाल्ला म्हणायचा.”

झुंबरबाईनं साहेबांच्या खणांकडं बघितलं, मग चिमणीकडं बघितलं. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि ती गेली नाही.

“साहेबाला तवढंच घालायचं? पंधरा दिवस?”

“तवढंच. का? भ्या वाटतंय?”

“लावा जोड,” ती म्हणाली.

पंच कोण, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. गावात वजनकाटे दुरुस्त करणारा एकच माणूस होता, गौस. त्याचा काटा साखर कारखान्याच्या माणसांनाही मान्य. आणि डुकरांच्या प्रकरणात त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडला नसता. गौस आला, शेडच्या पंधरा पावलं अलीकडं निंबाखाली उभा राहिला आणि त्यानं अटी सांगितल्या.

“काटा माझा, जनावर तुमचं. मी शेडमधी पाय टाकणार न्हाय. पिंजरा काट्यावर तुमी चढवायचा, आकडा मी हितनं वाचणार. चष्मा नवा हाय. भरडा न् कोंडा पोत्यातनं मोजून मी देणार, कँटीनचं काय चालणार न्हाय, त्यात कुठं काय पडतंय कुणाला ठावं. आन् पैलवान, माज्याशी बोलताना जरा लांबनं बोलायचं. ह्या कानानं मला अजून काम हाय.”

वजन करण्याचा सोहळा बघायला निम्मं गाव आलं. चिमणीला पिंजऱ्यात घालायला चार माणसं लागली, कारण ती वाटेत दोनदा बसली. तिचं वजन भरलं बासष्ट किलो. आता बारा साहेबांत बासष्टचा कोण, ते शोधायचं. साहेब लोक पिंजऱ्यात एका जागी उभे राहीनात. काटा एकदा पन्नास दाखवी, एकदा सत्तर. गौस लांबून ओरडे, “त्याला उभं ऱ्हा म्हणा की!” शेवटी नऊ नंबरचा साहेब निघाला बासष्ट किलो दोनशे. लांब एवढा, की त्याच्या शेजारी चिमणी मूठभर दिसत होती, आणि तरी दोघांचं वजन एक. बघणाऱ्यांना तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं, पण लोक पैजा लावण्यात गुंतले होते.

दोघांच्या खुराकाची किल्ली गौसच्या कंबरेला गेली; बाकीच्या अकरा साहेबांचं नेहमीसारखंच चाललं. रोज सकाळ-संध्याकाळ तो सायकलवरून यायचा, निंबाखाली दोन डबे तोलून भरायचा, आणि झुंबरबाई ते त्याच्या डोळ्यांसमोर दोन डोणींत रिकामे करायची.

हंबीररावानं खणांसमोर एक बादली उपडी घातली आणि तिच्यावर मुक्काम ठोकला. उसाला पाणी द्यायचं राहिलं. विठाबाईनं जेवणाचा डबा मळ्यात पाठवायचं बंद केलं, कारण तिनंही दूध संस्थेतली हकिगत ऐकली होती. “ती बाई माज्या बाळंतपणात माज्या उशाला बसलीया,” ती म्हणाली, “आन् तुमी तिला चोर म्हणालासा म्हणं. भाकरी टोपलीत हाय. हातानं घ्या.” त्यामुळं पैलवान हातानं घेत होता. घेताना मोजत नव्हता, ते बरंच.

बादलीवर बसून त्याला जे दिसलं ते त्याच्या मनासारखं नव्हतं. साहेब डबा दोन मिनिटांत संपवायचा. मग डोण चाटायचा, डोण उलटी करायचा, उलटी डोण चाटायचा. मग येरझाऱ्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, भिंतीला नाक, परत. दुपारी सगळं शिवार झोपलं तरी साहेब उभाच. चिमणी डबा सावकाश खायची, एकदा सुस्कारा सोडायची आणि आडवी व्हायची. संध्याकाळचा डबा डोणीत पडेपर्यंत ती कानसुद्धा हलवत नव्हती.

“ह्यो बसत का न्हाई?” पैलवान वैतागून म्हणायचा. “अरं, बस की जरा! अंगाला लागू दे!”

साहेब त्याच्याकडं बघून हुंकार द्यायचा आणि चालायला लागायचा.

आणखी एक गोष्ट त्यानं पाहिली. डबे वाटून झाले की झुंबरबाई साहेबाच्या खणापाशी थांबायची. गजांतून हात घालून त्याचं कपाळ खाजवायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलायची. एकदा त्यानं कान देऊन ऐकलं. “दम धर लेकरा,” ती म्हणत होती, “धा दिवस ऱ्हायल्यात. माजा इलाज न्हाय.” हंबीररावाला वाटलं, सापडली. हिला साहेबाची कणव येते, म्हणजे हिच्या मनात खोट आहे. पण हा विचार त्याला जेवढा गोड लागायला हवा होता तेवढा लागेना. पंधराव्या दिवशी आपण जिंकलो, की ही चिमणीला घेऊन जाणार. मग डुकरं कोण सांभाळणार? मागं तिला ताप आला तेव्हा ठेवलेला गडी दुसऱ्या दिवशी चपला टाकून पळाला होता. आणि खरं सांगायचं तर प्रश्न नुसता डुकरांचा नव्हता. सात वर्षं रोज सकाळी मळ्यात पाऊल टाकलं, की “आलासा?” असा एक आवाज यायचा. त्या दिवसापासून तो बंद झाला होता. हंबीररावाला आयुष्यात पहिल्यांदा कळेना, की ही कुस्ती आपल्याला जिंकायची आहे की हरायची.

पंधराव्या दिवशी दुपारी निंबाखाली उभं राहायला जागा नव्हती. विठाबाईसुद्धा आली, नाकाला पदर लावून का होईना. हंबीररावानं साक्षीला गडहिंग्लजहून जनावरांच्या डॉक्टर बोलावल्या होत्या, संयोगिता बाई. तरुण होत्या, बदलून येऊन दोनच महिने झालेले, आणि आपण नेमकं कशाला आलोय हे त्यांना अजून नीट कळलेलं नव्हतं.

आधी चिमणी. ती वाटेत तीनदा बसली.

“त्रेसष्ट किलो चारशे!” गौस ओरडला.

मग साहेब. पिंजरा हलत होता, काटा हलत होता.

“एकसष्ट…” गौसनं चष्मा पुसला, परत लावला. “एकसष्ट किलो तीनशे! घटलाय!”

क्षणभर कुणालाच काही कळेना, कोण जिंकलं ते. मग कुणीतरी हिशोब लावला, खुराक कुलपात, किल्ली गौसकडं, माप एकच, आणि तरी साहेब वाळला. म्हणजे खुराक कुणी खाल्लेलाच नव्हता. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. हंबीरराव मात्र काट्याकडं बघतच राहिला.

“असं कसं हुईल बाई?” तो डॉक्टरांना म्हणाला. “वजन एक, खुराक एक. ह्योच्या अंगाला लागत न्हाई आन् तिच्या लागतंय?”

संयोगिता बाईंनी दोन्ही जनावरांकडं बघितलं. “काका, दोघांना एकच माप देता? गावठीला आणि या यॉर्कशायरला?”

“सगळ्यांस्नी एकच. माज्याकडं भेदभाव न्हाई.”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग पिंजऱ्याजवळ गेल्या आणि साहेबाच्या बरगडीवर हात ठेवून सांगायला लागल्या. “जनावर वाढतं ते नंतर. आधी त्याला नुसतं जिवंत राहायला खुराक लागतो. श्वास घ्यायला, अंग ऊबदार ठेवायला, काळीज-आतडी चालवायला, उभं राहायला. तेवढं भागलं की वर उरेल ते अंगाला लागतं. आणि हा नुसता जगण्याचा खुराक सगळ्या जातींना सारखा लागत नाही. ही पांढरी जात माणसांनी निवडून-निवडून भरभर वाढण्यासाठी तयार केली. अंगात मांस जास्त, चरबी कमी, पोटातला कारखाना मोठा. तो कारखाना बसल्या जागीसुद्धा खातो. चरबी काय, नुसती पडून असते, तिला फारसं लागत नाही. त्यात हा दिवसभर चालतो. तुमच्या डब्यात याचं जगणंच जेमतेम भागतंय, भागतसुद्धा नाही. चिमणीचं मात्र भागून वर उरतं. ती थोडक्यात संसार करणाऱ्या जातीची आहे.”

“म्हंजे साहेब निकामी?” गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

“निकामी कसा? पोटभर घाला, मग बघा, चिमणीला कुठल्या कुठं मागं टाकेल. पण अर्धपोटी ठेवलंत तर ती टिकेल, हा नाही.” त्यांनी हंबीररावाकडं वळून बघितलं. “काका, तुम्ही स्वतः किती भाकरी खाता?”

विठाबाईनं नाकावरचा पदर काढला.

“आट,” ती म्हणाली. “आन् माजा भाऊ गुंडू दीड खातोय, त्येचं पोट बघा. दोघंबी ताटावर बसलं की लोक म्हणत्यात, गुंडूनंच समदं खाल्लं.”

आता मात्र जे हसू फुटलं ते हिरण्यकेशी नदीच्या पलीकडं ऐकू गेलं असेल. हंबीररावाचे कान लाल झाले. आणि त्या हसण्यात त्याला एकदम वस्तादाची तालीम दिसली. त्याच तालमीत त्यानं हजारदा ऐकलं होतं, की या पठ्ठ्याला एवढा खुराक, त्या पठ्ठ्याला तेवढा, ज्याचं अंग जसं मागेल तसा. वस्ताद पक्षपाती होता, त्यात वादच नाही. पण पोरांच्या अंगाला काय हवं ते त्याला कळत होतं. आणि आपण, आठ भाकऱ्यांचा धनी, बारा मुक्या जनावरांना वर्षभर दुसऱ्याच्या मापानं उपाशी ठेवलं, आणि न्याय केला म्हणून छाती काढून फिरलो. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी चारचौघांत धोतर सुटावं तशी.

लोक पांगायला लागले. गौसनं किल्ली निंबाच्या फांदीला अडकवली आणि सायकल काढली. डॉक्टर बाई खणाखणांतून साहेब लोकांना बघत निघाल्या. झुंबरबाई चिमणीला तिच्या खणात ढकलत होती. हंबीरराव तिच्यामागं गेला.

“अक्का,” तो म्हणाला, आणि त्याला माहीत असलेल्या सगळ्यात लहान आवाजात म्हणाला, “चुकलो मी. तू चोरी केली न्हाईस.”

झुंबरबाईनं खणाची कडी लावली. मग वळली.

“केली की.”

“काय?”

“चोरी. केली मी. रोज.” तिनं नजर खाली घातली नाही. “साहेब लोकांचं हाल बघवंनात. तुमी डबा वाढवंनासा. मग मी चिमणीच्या डब्यातलं काढत हुते. तिचा निम्मा डबा, रोज पाळीपाळीनं एकेका साहेबाला. सा म्हैनं झालं. चिमणीला काय, ती अर्ध्यावर बी निजतीया. आता ह्या पंधरा दिवसांतच तिला भरून डबा मिळाला, म्हणून तर ती वाढली. आन् ह्या नऊ नंबरच्याचं मातर माज्या हातनं बंद झालं, म्हणून त्यो घटला. मला ठावं हुतं घटणार. मला वाटलं, घटला की तुमी म्हणशीला, बघा, हिनंच कायतरी केलं.”

हंबीरराव एक पाऊल पुढं आला.

“मग सांगितलं का न्हाईस? त्या दिवशी, दूध संस्थेत? तोंडावर का न्हाई मारलंस माज्या?”

“काय सांगू? चिमणीच्या तोंडचं काढून तुमच्या डुकरांस्नी घालतोय, म्हणून?” ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “आमच्या वस्तीतली बाई असं म्हणाली असती, तर त्या रांगेत खरं कुणाला वाटलं असतं, पैलवान? तुमाला वाटलं असतं?”

आपल्याला खरं वाटलं नसतं, हे हंबीररावाला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आयुष्यात तो तीनदा चितपट झाला होता, कोल्हापुरात दोनदा आणि गारगोटीच्या मैदानात एकदा. तिन्ही वेळा पाठीला माती लागली होती, पण डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आज आलं.

मग तो शेडमधून बाहेर आला, मळ्याच्या वाटेवर उभा राहिला आणि देवानं दिलेला सगळा आवाज लावून ओरडला, “परत या! समदी परत या! गौसभाई, सायकल फिरीव!”

लोक दचकले. वाटेनं अर्ध्यापर्यंत गेलेले, बांधावरून उतरलेले, उसाच्या कडेला तंबाखू मळत थांबलेले, सगळे माघारी आले. कुणाला वाटलं साप निघाला, कुणाला वाटलं पैलवानाला परत काटा बघायचाय. डॉक्टर बाईही हातमोजे काढत बाहेर आल्या.

“ऐका,” हंबीरराव म्हणाला. “चोरी झाली हाय. झुंबरक्कानंच केली.”

झुंबरबाई दारात आली होती, ती तिथंच थिजली. विठाबाई “अवं…” म्हणून पुढं आली.

“सा म्हैनं,” तो म्हणाला, “ह्या बाईनं सोताच्या डुकराच्या तोंडचं काढून माज्या डुकरांस्नी घातलं. मला न सांगता. का, तर मला सांगून कळंना म्हणून. माजी बारा जनावरं आज जिवंत हाईत ती हिच्या चोरीवर. आन् मी, हंबीरराव, हिला तुमच्या समोर चोर म्हणालो. तुमी गप्प बसलासा, कुणी हसला बी न्हाईसा. त्याच वक्ती मला कळाया पायजे हुतं. आता हिची माफी मागतोय. तुमच्या समोर. चुकलो, अक्का. आन् उद्यापासनं कुणाला किती घालायचं ते तू ठरवायचंस, मी बघणार बी न्हाई.”

कुणी टाळी वाजवली नाही. गौसनं सायकल निंबाला टेकवली आणि डोक्यावरची टोपी उगाचच काढून परत नीट घातली. विठाबाई झुंबरबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं तिचा हात धरला; डुकराच्या खणातून आलेला, न धुतलेला हात.

“पुरं की आता, पैलवान,” झुंबरबाई म्हणाली. “ऐकलं समद्यांनी.”

“कुठं समद्यांनी?” हंबीररावानं वाटेच्या टोकाकडं बोट केलं. तिकडून चार-पाच माणसं आत्ता धापा टाकत येत होती आणि “काय झालं? काय झालं?” म्हणून विचारत होती. ती त्या दिवशी दूध संस्थेच्या रांगेत होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणून ती जवळ येईपर्यंत तो थांबला, त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. झुंबरबाई पदरानं डोळे पुसत तिथंच उभी राहिली आणि दुसऱ्यांदाही तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.